वशिंडाचा परदेशप्रवास

एखाद्या जनावराचें मोल ठरवितांना मनुष्य त्या जनावराकडे जितकें पाहतो, त्याहून अधिक आपल्या हातांतील मापाकडे पाहतो. माप दुधाचें असलें तर जनावराची किंमत शेरांत होते. मांसाचें असलें तर मणांत होते. ओढीचें असलें तर कोसांत होते. परंतु हीं तिन्ही मापें ज्या एका गुणावर अवलंबून आहेत, तो गुण मात्र कोणत्याच बाजारांत स्वतंत्रपणें विकावयास येत नाहीं. आपल्या भूमीचें ऊन सोसून जगण्याचा, त्या उन्हांत काम करण्याचा व वंश वाढविण्याचा हा गुण होय. जें विकलें जात नाहीं त्याचें मोल करण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. आणि म्हणूनच हिंदुस्थानांतील वशिंडाच्या गुरांचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास मोठा विलक्षण झाला आहे. हा गुण आमच्या दावणीला बांधलेला होता तोंपर्यंत तो आमच्या डोळ्यांस दिसला नाहीं. समुद्रापलीकडील लोकांनीं तो ओळखला, मोजला व आपल्या वह्यांत नोंदविला. आणि आम्हीं मात्र ऊन न सोसणारीं जनावरें त्यांच्याकडून मोठ्या उमेदीनें आणिलीं. ह्या देवघेवीची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

प्रथम, गुरांना ऊन लागतें म्हणजे नेमकें काय होतें, तें समजून घेतलें पाहिजे. गाय ही एक चालती भट्टी आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत वैरण रात्रंदिवस आंबत असते, आणि त्या आंबण्यांतून उष्णता निर्माण होते. दूध तयार करण्याच्या व्यापारांतून आणखी उष्णता निघते. ही सारी उष्णता बाहेर टाकल्यावांचून गाईस गत्यंतर नसतें. कारण तिच्या अंगाची उष्णता १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिली, तरच तिचे सर्व व्यवहार सुरळीत चालतात. हवा थंड असली म्हणजे हें काम सहज होतें. हवा अंगाइतकीच तापली कीं एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामावाटे व श्वासावाटे पाण्याची वाफ करणें. हवा दमट असली तर तो मार्गहि अरुंद होतो. मग गाय धापा टाकते, लाळ गाळते, बसावयाची ती उभी राहते आणि शेवटीं वैरणीवरून तोंड फिरविते. हें तोंड फिरविणें म्हणजे रोग नव्हे. भट्टींतील सरपण कमी करण्याचा तो तिचा स्वतःचा उपाय आहे. परंतु सरपण कमी झालें कीं दूध आटतें, माज दिसेनासा होतो, आणि फळविलेली गायहि पुष्कळदां गाभण राहत नाहीं. सारांश, दूध जितकें अधिक तितकी भट्टी मोठी, आणि भट्टी जितकी मोठी तितकें ऊन अधिक जाचक. हा एक नियम ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील सर्व इतिहास आपोआप उलगडतो.

आमच्या पूर्वजांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु त्याचा व्यवहार त्यांच्या अंगवळणीं पडला होता. औत पहांटे जुंपावें व ऊन चढण्यापूर्वीं सोडावें, उन्हाळ्यांत गाड्या रात्रीं हांकाव्या, दुपारीं गुरें झाडाखालीं रवंथ करीत बसवावीं, म्हशींना डोहांत डुंबूं द्यावें, ह्या गोष्टी कोणत्याहि पुस्तकांतून शिकविल्या जात नसत. त्या काळीं जनावराचें मुख्य माप दूध हें नव्हतें, तर दम हें होतें. गाय ठेवावयाची ती बैलासाठीं, आणि बैल पारखावयाचा तो लांबच्या मजलीवर. माणदेशांतील खिलार, मराठवाड्याची देवणी, वऱ्हाडाकडील गवळाऊ, सह्याद्रीच्या पावसांत टिकणारी डांगी, ह्या सर्व जाती ह्याच पारखींतून घडल्या. राजेलोकांनाहि हें मोल कळत होतें. म्हैसूरच्या राजांनीं लष्करी सामान ओढण्यासाठीं गुरांचे जे कळप राखले, त्यांनाच टिपूच्या अमदानींत अमृतमहाल हें नांव मिळालें. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर ते कळप इंग्रजांच्या हातीं गेले. पुढें १८०३ सालीं आर्थर वेल्स्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हां त्याच्या पत्रव्यवहारांत तोफांइतकीच बैलांची चिंता आढळते. ज्याला दक्षिणेंतून फौज न्यावयाची असे, त्याला आपली लढाई अर्धी बैलांच्या खांद्यावर आहे, हें विसरून चालत नसे.

परंतु आगगाडी आली, पुढें मोटार आली, आणि ओढीचें माप हळूहळू मागें पडलें. नेमक्या ह्याच सुमारास आमच्या गुरांचा परदेशप्रवास सुरू झाला. ह्या प्रवासाचा आरंभ कोणत्याहि योजनेनें झाला नाहीं. १८६८ सालीं इंग्लंडकडे निघालेलें एक जहाज ब्राझीलच्या साल्व्हादोर बंदरांत थांबलें, आणि त्यावरील ओंगोल जातीची एक जोडी तेथेंच विकली गेली, असें सांगतात. पुढें १८७८ सालीं रिओ द जानेइरोकडील लेमग्रूबर नांवाच्या एका जमीनदारानें जर्मनींतील हांबुर्गच्या प्राणिसंग्रहालयांतून दुसरी जोडी नेली. हिंदुस्थानचें जनावर दक्षिण अमेरिकेच्या कुरणांत जावयाचें तें यूरोपांतील पिंजऱ्यांतून! ज्याला यूरोप एक शोभेचें श्वापद समजत होता, त्याचा उपयोग प्रथम कळला तो उष्ण देशांतील शेतकऱ्याला. ओंगोलच्या ह्या गुरांस तेथें नेल्लोर ह्या जिल्ह्यावरून नेलोर असें नांव पडलें, आणि तें आजहि चालू आहे.

तथापि ब्राझीलमध्येंहि हा पाहुणा विनातक्रार स्वीकारला गेला नाहीं. साओ पावलोचे प्रसिद्ध वैद्य व विचारवंत लुईज परैरा बारेतो यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या वशिंडाच्या गुरांविरुद्ध मोठी चळवळ केली. यूरोपांतील गुरांच्या संवर्धनशास्त्राचे नियम त्यांच्या बाजूस होते. त्या नियमांप्रमाणें पाहतां हें लांब पायांचें, लोंबत्या कातड्याचें जनावर हिणकसच ठरत होतें. उलट, मिनास जेराइस प्रांतांतील उबेराबा शहराच्या आसपासच्या पशुपालकांपाशीं शास्त्र नव्हतें. त्यांच्यापाशीं केवळ अनुभव होता. यूरोपीय रक्ताचीं गुरें त्यांच्या कुरणांत उन्हानें व गोचीडांनीं खंगत, आणि वशिंडाचीं गुरें त्याच कुरणांत चरून पुष्ट होत. म्हणून त्यांनीं आपलीं माणसें थेट हिंदुस्थानांत पाठविलीं आणि ओंगोल, गीर व कांक्रेज हीं गुरें जहाजांत भरून नेलीं. विद्वानांचा नियम आणि शेतकऱ्याचा अनुभव यांच्या ह्या झगड्यांत शेवटीं कोण जिंकलें, हें आज त्या देशांतील वीस कोटींहून अधिक गुरांकडे पाहिल्यास दिसतें. त्यांतील बहुसंख्य गुरांच्या अंगांत हिंदुस्थानी रक्त आहे.

ह्या प्रवासांत एक अनर्थहि घडला, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलकडे निघालेलीं कांहीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरविलीं गेलीं, आणि त्यांच्याबरोबर बुळकांडीचा रोग यूरोपांत शिरला. महायुद्धानें आधींच खिळखिळ्या झालेल्या त्या देशांत हाहाकार उडाला. ह्या प्रसंगानें जागीं होऊन राष्ट्रांनीं १९२१ सालीं पॅरिस येथें परिषद भरविली, आणि २५ जानेवारी १९२४ रोजीं अठ्ठावीस राष्ट्रांनीं मिळून गुरांच्या रोगांविषयीं एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. आज जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून जी ओळखली जाते, ती हीच. बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. आमच्या गुरांच्या एका दुर्दैवी जलप्रवासानें जगास हा शहाणपणा शिकविला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

ब्राझीलची ही गोष्ट झाली. उत्तर अमेरिकेंतहि थोड्याफार फरकानें तेंच घडत होतें. १८५४ सालीं लुइझियाना प्रांतांतील रिचर्ड बॅरो ह्या मळेवाल्यास इंग्रज सरकारकडून दोन हिंदुस्थानी वळू भेट मिळाले, आणि त्यांच्या संततीची कीर्ति आसपास पसरली. पुढें टेक्सासमधील पिअर्स कुरणाचा व्यवस्थापक बॉर्डन हा स्वतः हिंदुस्थानांत आला व १९०६ सालीं ५१ जनावरें घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या बंदराजवळ त्यांस अडकवून ठेवण्यांत आलें, कारण त्यांच्यांत सर्रा नांवाचा रोग आढळला. अखेर ३३ जनावरें टेक्सासला पोंचलीं. १९२४ सालीं त्यांच्या पालकांनीं आपला संघ स्थापिला आणि ह्या नव्या जातीस ‘ब्राह्मन’ असें नांव दिलें. ज्या गुरांना हिंदुस्थानांत कोणी कधीं असें नांव दिलें नव्हतें, त्यांना तें टेक्सासच्या गुराख्यांकडून मिळावें, ही एक मौज आहे. त्याच प्रांतांतील किंग कुरणांत ह्या रक्ताचा शॉर्टहॉर्न गुरांशीं संकर करून सांता जर्त्रूदिस ही नवी जात बनविण्यांत आली, आणि १९४० सालीं सरकारनें तिला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागांतहि १९३३ सालीं हेंच रक्त अमेरिकेतून नेण्यांत आलें. ह्या सर्व देशांत त्या गुरांचें पालन मुख्यत्वें मांसासाठीं झालें, ही गोष्ट आपल्यांतील अनेकांच्या मनास रुचणारी नाहीं. परंतु इतिहास आपल्या रुचीची वाट पाहत नाहीं.

आतांपर्यंत हा सर्व व्यवहार डोळ्यांच्या पारखीवर चालला होता. त्याला आंकड्यांचें रूप आलें तें १९४० नंतर. लुइझियानांतील जेनरेट येथील सरकारी संशोधनक्षेत्रावर अल्बर्ट ऱ्होड ह्या शास्त्रज्ञानें १९४४ सालीं एक साधी कसोटी मांडली. गुरें उघड्या उन्हांत ठेवावीं, सकाळीं दहा वाजतां व दुपारीं तीन वाजतां त्यांच्या अंगाची उष्णता मोजावी, आणि ती १०१ अंशांवर जितकी चढेल त्या मानानें शंभरांतून गुण वजा करावे, अशी ही कसोटी होती. तींत ब्राह्मन गुरांस ८९ गुण मिळाले, आणि स्कॉटलंडच्या काळ्या अँगस गुरांस ५९. जो गुण शतकानुशतकें नुसता जाणवत होता, त्याला प्रथमच आंकडा लाभला. पुढें मिसूरी विद्यापीठांत सॅम्युएल ब्रॉडी व त्यांचे सहकारी यांनीं हवा पाहिजे तितकी थंड वा उष्ण करतां येईल अशा खोल्या बांधून त्यांत गाई ठेविल्या. हॉल्स्टिन गाईचें दूध ७० ते ८० अंशांच्या दरम्यानच घटूं लागतें, आणि वशिंडाच्या गाईचें मात्र ९० अंशांच्या पुढें घटतें, असें त्यांस आढळून आलें. हवेच्या उष्णतेबरोबर तिचा दमटपणाहि धरून एक संयुक्त निर्देशांक काढण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती १९५९ सालीं प्रथम मनुष्यांच्या सोयीसाठीं मांडली गेली आणि पुढें गुरांस लागू करण्यांत आली.

ह्या शोधांनीं कांहीं भोळ्या समजुतीहि दूर केल्या. वशिंड हें उंटाच्या पाठीसारखें पाण्याचें वा थंडाव्याचें भांडार आहे, असें पुष्कळांस वाटतें. तसें कांहीं नाहीं. उंटाच्या पाठींतहि पाणी नसतें, आणि गाईच्या वशिंडांत स्नायु व चरबी यांवांचून दुसरें कांहीं नसतें. खरें रहस्य इतरत्र आहे. ह्या गुरांचे केंस आखूड, गुळगुळीत व अंगाला चिकटून बसणारे असतात; घामाच्या ग्रंथि मोठ्या व कातड्याच्या पृष्ठभागाजवळ असतात; आणि मुख्य म्हणजे त्यांची आंतील भट्टीच मंद जळते. ह्यांतील शेवटचें कारण नीट ध्यानांत घ्यावें. भट्टी मंद, म्हणून ऊन सोसवतें. परंतु भट्टी मंद, म्हणून दूधहि थोडें व वाढहि सावकाश. ऊन सोसण्याचा गुण निसर्गानें फुकट दिलेला नाहीं; त्याची किंमत दुधाच्या मापांत वळती करून घेतलेली आहे. १९४६ सालीं अलाहाबादच्या कृषिसंस्थेंतून लाल सिंधी गुरें अमेरिकेस गेलीं, आणि तेथें जर्सी गाईंशीं त्यांचा संकर करून पाहण्यांत आला. संततीची ऊन सोसण्याची शक्ति वाढली, पण दूध कमी पडलें, आणि तो प्रयोग पुढें फोफावला नाहीं. देशी गाईचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं ही बाजूहि विसरतां कामा नये.

इकडे स्वदेशांत काय चाललें होतें? १८८९ सालीं अलाहाबाद येथें गोऱ्या पलटणींस दूध पुरविण्यासाठीं पहिली लष्करी दुग्धशाळा निघाली. त्या शाळांतून एअरशायर, फ्रीझियन इत्यादि विलायती वळूंचा देशी गाईंशीं संकर सुरू झाला. दूध वाढलें, यांत शंका नाहीं. परंतु त्या गाईंस सरकारी गोठा, सरकारी वैरण व सरकारी पशुवैद्य होता. १९२७ सालीं गांधीजी प्रकृतीच्या विश्रांतीसाठीं बंगळूरला असतांना तेथील सरकारी दुग्धसंस्थेंत नियमानें जाऊन गोपालनाचे धडे घेत असत. गाईची पूजा करणारा देश गाईची निगा राखण्यांत मागें कां, हा प्रश्न त्यांस सारखा टोंचत होता. ह्याच सुमारास, १९२६ सालीं नेमलेल्या व लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं काम करणाऱ्या शेतकी कमिशननें १९२८ सालीं आपला अहवाल दिला. गुरें निकृष्ट म्हणून अधिक संख्येनें पाळावयाचीं, आणि संख्या अधिक म्हणून चारा अपुरा पडून तीं आणखी निकृष्ट व्हावयाचीं, ह्या दुष्ट चक्राकडे त्या अहवालानें लक्ष वेधलें.

स्वातंत्र्यानंतर शहरें वाढलीं आणि दुधाचें माप सर्वोपरि झालें. १९६० नंतर संकराचें धोरण देशभर पसरलें. आपल्या महाराष्ट्रांत १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें जी संस्था स्थापिली, तिनें संकरित गाय गरीब शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. हें कार्य मोठें होतें, ह्याविषयीं दुमत होऊं नये. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं रोख पैसा वर्षांतून एकदांच येई, त्याच्या घरीं तो दर आठवड्यास येऊं लागला. मुलांच्या शाळेची फी व म्हाताऱ्यांचें औषध ह्या दुधावर निघालें. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें भारतांतील सुमारें १९ कोटी ३० लाख गोवंशीय जनावरांत विलायती व संकरित मिळून सुमारें पांच कोटी होतीं. आणि मागील गणनेच्या मानानें देशी गुरें घटलीं असून हीं मात्र वाढलीं होतीं.

परंतु दुधाचें माप भरतांना दुसरें पारडें कोणी पाहिलें नाहीं. थंड देशाची मोठी भट्टी आणून आम्हीं ती सोलापूरच्या व जळगांवच्या उन्हांत पेटविली. लष्करी दुग्धशाळेंतील गाईस जो गोठा होता, तो शेतकऱ्याच्या गाईस मिळाला नाहीं. तिला मिळालें तें बहुधा पत्र्याचें ठेंगणें छप्पर. दुपारीं हें पत्र्याचें छप्पर स्वतःच तापून खालीं उष्णता ओततें. गाय खाणें सोडते, दूध उतरतें, माज चुकतो; आणि एक वेत लांबणीवर पडलें कीं ज्याच्या दारीं दोनच गाई आहेत, त्याचें वर्षाचें गणित कोलमडतें. टंचाईच्या दिवसांत गाईच्या अंगावर शिंपडण्यासाठीं जी घागर लागते, ती बहुधा घरांतील बाईच्याच डोक्यावरून येते. जनावराचें ऊन शेवटीं असें माणसाच्या माथ्यावर चढतें.

आणि ह्या उन्हाचें स्वरूपहि नुसत्या उष्णतामापक नळींत पाहून कळण्यासारखें नाहीं. २०२२ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतांत थोड्या दिवसांत किमान दोन हजार गुरें दगावलीं. तेथें उन्हाळा नवा नव्हता. परंतु त्या दिवसांत दमटपणा एकाएकीं वाढला, वारा पडला, आणि रात्रींहि हवा निवली नाहीं. दिवसभर सांठलेली उष्णता गुरें रात्रीं बाहेर टाकीत असतात. रात्रच तापलेली राहिली तर दुसऱ्या दिवसाचें ऊन आदल्या दिवसाच्या ऊर्मीवर येऊन पडतें. आपल्याकडेहि उन्हाळ्याच्या रात्री पूर्वीपेक्षां अधिक उष्ण होऊं लागल्या आहेत, हें लक्षांत घेतां ह्या घटनेंतील इशारा केवळ अमेरिकेपुरता नाहीं.

तर मग उपाय काय? ते नवे आहेत त्याहून अधिक जुनेच आहेत. शास्त्रानें फक्त त्यांचीं कारणें सांगितलीं आहेत. पहिला उपाय सांवली. साधी सांवली देखील जनावरावर पडणाऱ्या उन्हाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाचविते, आणि झाडाची सांवली सर्वांत उत्तम, कारण पान स्वतः तापत नाहीं. गोठा लांबीनें पूर्वपश्चिम असावा, म्हणजे दुपारचें ऊन आंत शिरत नाहीं. छप्पर उंच असावें, आणि पत्रा असल्यास त्यावर पाचट किंवा गवत पसरावें. दुसरा उपाय पाणी. तें गव्हाणीजवळ, सांवलींत व अष्टौप्रहर असावें. दिवसांतून दोनदां पाणी दाखविण्याची जुनी रीत संकरित गाईस पुरत नाहीं. तिसरा उपाय वेळ. वैरण पहांटे व सूर्यास्तानंतर घालावी, म्हणजे पोटांतील भट्टी रात्रीच्या गारव्यांत जळते. चौथा उपाय वारा. आणि ह्याच ठिकाणीं पुष्कळ ठिकाणीं चूक होते. विदर्भाच्या कोरड्या हवेंत अंगावर शिंपडलेलें पाणी झपाट्यानें उडून जातें व गाय निवते. परंतु कोंकणच्या दमट हवेंत, विशेषतः कोंदट गोठ्यांत, तेंच पाणी वाफेची कोठडी बनवितें. तेथें आधीं भिंतीच्या खिडक्या उघडाव्या, वारा खेळवावा, आणि मग पाण्याचा विचार करावा. म्हशीची गोष्ट आणखी निराळी. तिच्या काळ्या अंगावर केंस विरळ व घामाच्या ग्रंथि फार थोड्या. म्हणून तिला डुंबणें हा आळस नसून तिचा श्वासोच्छ्वास आहे. ज्यानें म्हशीचा डोह बुजविला, त्यानें तिला दुसरीकडून पाणी घालण्याची जबाबदारी पत्करली, असें समजावें.

परंतु गोठ्याचे हे सर्व उपाय म्हणजे अर्धेंच उत्तर झालें. उरलेलें अर्धें उत्तर वंशाच्या निवडींत आहे, आणि तेथें ब्राझीलपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. १९६० च्या सुमारास भावनगरच्या महाराजांनीं आपल्या कळपांतील कृष्ण नांवाचा एक गीर वळू ब्राझीलमधील सेल्सो गार्सिया सीद ह्या पशुपालकास दिला. त्याच्या व इतर गीर वळूंच्या संततीच्या तेथें पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवण्यांत आल्या. कोणत्या वळूच्या लेकी ऊन सोसूनहि अधिक दूध देतात, तें पाहून पुढची पिढी निवडण्यांत आली. गीर व हॉल्स्टिन यांच्या संकरांतून गीरोलांदो ही जात बनली, आणि आज त्या देशाच्या दुधाचा फार मोठा वाटा ती उचलते. पुढें काळाची गति अशी फिरली कीं गीर जातीचें वीर्य ब्राझीलमधून भारतांत आणण्याची वेळ आली. आमचेंच धन आम्हांस परत विकत घ्यावें लागावें, ह्याची खंत वाटणें स्वाभाविक आहे. परंतु खंत करतांना एवढें विसरूं नये कीं त्यांनीं येथून नेली ती गाय, आणि आतां परत येत आहे ती गाय व तिच्याबरोबरची नोंदवही. त्या दोहोंमध्यें जें अंतर पडलें, तें साठ वर्षांच्या चिकाटीचें आहे. गाय आमच्याकडेहि होती, वही नव्हती.

म्हणून ह्या इतिहासाचा उपयोग देशी गाईच्या नांवानें जयघोष करण्यासाठीं करावा, असें मला वाटत नाहीं, आणि संकरित गाईस दोष देण्यासाठींहि करूं नये. बारेतोसारख्या विद्वानानें यूरोपचें माप हातांत धरून वशिंडाच्या गुरांस हिणकस ठरविलें. आम्हीं नुसतें दुधाचें माप हातांत धरून तेंच केलें. चूक मापांत नव्हती. एकच माप पुरे आहे असें मानण्यांत ती होती. दूध मोजूं नये असें नाहीं. परंतु ज्या वहींत वैशाखाच्या दुपारीं गाय किती खाते, तिचें अंग किती तापतें, उन्हाळ्यांत ती गाभण राहते कीं नाहीं, आणि दहा वर्षांत तिला किती वेतें होतात, ह्यांची नोंद नाहीं, त्या वहींतील दुधाचा आंकडा अर्धाच खरा आहे. पुढील उन्हाळे मागील उन्हाळ्यांपेक्षां सौम्य असतील अशी आशा धरण्यास आज कांहीं आधार दिसत नाहीं. अशा काळांत शेतकऱ्याच्या दारीं कोणती गाय बांधावी हा प्रश्न वर्णाचा नाहीं, अभिमानाचा नाहीं, आणि केवळ शेरांचाहि नाहीं. त्याच्या छपराखालीं, त्याच्या पाण्यावर व त्याच्या उन्हांत जी सुखानें रवंथ करील, तीच त्याची गाय. आणि ती कोणती, हें ठरविण्यासाठीं दुधाच्या मापाशेजारीं उन्हाचें माप प्रत्येक गोठ्यांत टांगलें गेलें पाहिजे.